मधलं वजन

"दादा, वहिनीला सांग, वेग वाढवतेय," नणंद म्हणाली.

"ती वेग वाढवतेय," निरोप्या म्हणाला.

"अहो, त्यांना म्हणावं, दिसतंय मला," त्याची बायको म्हणाली.

तिघांच्याही कानांवर हेडफोन होते आणि तिघांचं बोलणं तिघांनाही स्वच्छ ऐकू येत होतं. तरी एका वाक्याला तीन तोंडं लागत. नणंद-भावजयीचं भांडण कशावरून झालं, हे बहुधा दोघींनाही आठवत नव्हतं; पण तसं आधी कबूल कोण करणार? म्हणून मध्ये तो, एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा. 'निरोप्या' हे नाव त्याला कारखान्यातल्या लोकांनीच दिलं होतं. त्याच्या हातातल्या चहावर नेहमीप्रमाणे साय धरली होती.

काचेपलीकडे नणंद. तिच्या ताब्यात जनरेटर. विमानाचं इंजिन पळेल तसा तो पळवायचा. अलीकडे भावजय, तिच्या हाताखाली पंपाचं बटण. आणि टेबलावर या घराच्या कारखान्यात बनवलेली पेटी. इंजिन जोरात असो की मंद, त्याची लहरी वीज घ्यायची आणि पंपाला एकसारखी करून द्यायची, एवढंच तिचं काम. आधीच्या पेट्यांत मधोमध जाडजूड कपॅसिटर असत. वीज आधी त्यांत साठायची, मग पुढे जायची. यांनी ते काढूनच टाकले. पेटीचं वजन निम्म्यावर आलं, आणि विमानात वजनासारखं महाग काही नाही. पण साठा गेला तशी उसंतही गेली. इकडची चूक त्याच क्षणी तिकडे पोचते. काढलेल्यांपैकी एक कपॅसिटर दार उघडं राहावं म्हणून दाराशी बसवला होता. बसून होता बिचारा.

विमान कंपनीचा तपासनीस चष्मा पुसत म्हणाला, "आता समजा, विमान उतरतंय. इंजिन मंद करा आणि त्याच वेळी पंप लावा. एवढं जमलं की काम तुमचं. नाही तर आम्ही आपले जुन्या जड पेट्यांकडे परत."

"दादा, मी वेग उतरवतेय."

"अहो, त्यांना म्हणावं जरा दमानं, पंप लागतोय!"

"ती म्हणतेय, जरा दमानं—"

पेटीत खट्ट झालं. पंप थांबला.

नणंदेनं भावजयीचं बोलणं थेटच ऐकलं होतं. पण निरोप रीतसर पोचल्याशिवाय ऐकलं असं धरायचं नाही, हा त्या घरातला शिरस्ता.

तपासनिसानं चष्मा चढवला. "आणखी एकदा. यानंतर नाही."

जनरेटर पुन्हा चढला, मग उतरू लागला. वेगाचा काटा घसरत आला. बायकोनं सांगायच्या आधीच निरोप्यानं श्वास घेतला. "ती म्हण—"

"ताई, थांबा!" भावजय थेट बोलली. "आहे तिथंच धरा... मी बटण दाबतेय... हं. आता सोडा."

काटा जागच्या जागी थांबला होता.

"धरलाय, वहिनी. सोडते. अगदी मुंगीच्या पावलानं."

पंप फिरला आणि फिरत राहिला. पेटीचा बारीक गुणगुणता सूर जराही हलला नाही.

"चालेल," तपासनीस म्हणाला. त्याच्या धंद्यात याहून मोठी स्तुती नसते.

"वहिनी, तुझी ती बटण दाबायची घाई काही जन्मात जायची नाही."

"आणि ताई, तुमचा हात? गिरणी चालवल्यासारखा!"

"गिरणी? थांब, येतेच तिकडे."

ती खरंच आली. दोघी एकाच कागदावर वाकल्या, एकमेकींचं बोलणं तोडत, हसत. निरोप्या सवयीनं दोघींच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"अहो, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय," बायको म्हणाली.

तो बाजूला झाला. तपासनिसानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, हिशेबात न बसणारा आकडा बघावा तसं. "आणि तुमचं इथं काम काय?"

निरोप्यानं हेडफोन काढून खुंटीला अडकवला. दाराशी बसलेल्या जाड्या कपॅसिटरकडे बोट दाखवलं.

"त्याचं होतं तेच," तो म्हणाला आणि नवा चहा ओतून घेऊन, वाफा निघत असतानाच, फुंकर मारत मारत प्यायला.