आभाराची चिठ्ठी

अंबाड्यातली पिन काढताना शर्मिष्ठा मिसनं इकडेतिकडे बघून घेतलं. मधल्या सुट्टीत मुली पटांगणात डबे उघडून बसल्या होत्या. जिन्याखाली ती एकटी, आणि समोर भिंतीवर तक्रारपेटी. वर जिन्यावर बूट वाजल्यासारखे झाले. तिनं दचकून मान वर केली. कोणी दिसलं नाही.

पेटी जुनी, सागवानी. बोरीवलीत ही मुलींची शाळा काढणाऱ्या हार्टली बाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी ती चॅपलमध्ये लावली होती. जे कोणालाच सांगता येत नाही ते मुलींनी चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं, शुक्रवारी पाद्रीसाहेब त्यासाठी प्रार्थना करायचे. आणि मागणं पुरं झालं, की आभाराची दुसरी चिठ्ठी टाकायची. हा बाईंचा नियम. दरवर्षी स्थापनादिनाला शर्मिष्ठाच तो मुलींना रंगवून सांगायची, इतिहासाची शिक्षिका ना ती! पुढे सरकारनं तक्रारपेट्या लावायला सांगितल्या, तेव्हा शाळेनं नवी कशाला म्हणत हीच उचलून जिन्याखाली टांगली. कुलूपसुद्धा तेच ठेवलं. ते केसाच्या पिनेनं उघडतं हे शर्मिष्ठाला इथे दहावीत असल्यापासून ठाऊक होतं. तेव्हा ती आणि तिच्या मैत्रिणी देवाला लिहिलेल्या चिठ्ठ्या चोरून वाचायच्या आणि पोट धरून हसायच्या.

आज हसू कुठलं यायला!

सगळं कालच्या त्या एका थपडेमुळे. शाळा सुटली आणि आठवी ब मधली पूर्वी सापडेना. गेटबाहेर राजारामकाकांची व्हॅन हॉर्न वाजवून वाजवून थकली. शिपायांपासून सगळ्यांनी शाळा पालथी घातली. अर्ध्या तासानं शर्मिष्ठालाच ती सापडली, चॅपलमध्ये ऑर्गनच्या मागे अंग चोरून बसलेली. का लपलीस म्हणून विचारलं तर बया तोंड उघडेना. अर्धा तास जीव टांगणीला लागला होता, तो सगळा राग हातात उतरला. शर्मिष्ठानं तिच्या थोबाडीत ठेवून दिली, दंडाला धरून फरफटत नेलं आणि व्हॅनमध्ये बसवलं. गोऱ्या गालावर चार बोटं उमटली होती.

राजारामकाकाच बिचारे मध्ये पडले. म्हणाले, जाऊ द्या मिस, लहान आहे, तिचं घर शेवटचं, मी नीट सोडतो.

रात्रभर शर्मिष्ठाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. मुलांवर हात उगारायला कायद्यानं बंदी. गेल्याच वर्षी पी.टी.च्या मिसना एका चिठ्ठीनं घरी बसवलं होतं. तिची नोकरी एकोणीस वर्षांची, जूनपासून सुपरवायझर करणार असं प्रिन्सिपल साळवे मॅडमनी सांगून ठेवलेलं, आणि देवव्रतची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, कंपनी बंद पडल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं. आणि आज सकाळी प्रार्थनेला जाताना तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पूर्वीनं पेटीत जाडजूड घडी टाकली. टाकली आणि वळून सरळ तिच्याकडे बघितलं. पेटी आज एक वाजता प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये सगळ्यांसमोर उघडायची होती.

खट्. कुलूप उघडलं. आत तेवढी एकच चिठ्ठी होती. वहीचा पूर्ण कागद, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात भरलेला. घडी उलगडायची तिची हिंमत होईना. वाचलं तर ते कायमचं डोक्यात राहणार. पेटीला पुन्हा कुलूप लावून ती निघाली, स्टाफरूमच्या बाथरूममध्ये तिनं त्याचे तुकडे तुकडे केले आणि दोनदा फ्लश ओढला. स्वतःची लाज वाटली, नाही असं नाही. पण भीती लाजेहून मोठी होती.

पाचव्या तासाला पूर्वी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"मिस, मी आता नाही लपणार."

एवढंच म्हणाली, आणि चक्क हसली. शर्मिष्ठाला कळेना. मग वाटलं, आली असेल शुद्धीवर. घरी बोलणी खाल्ली असतील. तिनं मान डोलावली आणि पोरगी उड्या मारत गेली.

साडेबाराला शाळा सुटली. पूर्वी खरंच लपली नाही. उलट दप्तर घेऊन शर्मिष्ठाच्याच शेजारी येऊन उभी राहिली, अगदी चिकटून. शर्मिष्ठाला भरून आलं. काल फरफटत नेलेल्या त्या हाताला आज तिनं हळूच धरलं आणि गेटपर्यंत नेलं. राजारामकाकांनी दार सरकवलं. पूर्वी पायरीशी थांबली आणि वर बघत राहिली.

"मिस?"

"बस गं बाळा. काका सोडतील नीट."

पोरगी बसली. काचेतून तिच्याकडेच बघत होती, व्हॅन वळेपर्यंत.

एक वाजता प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये पेटी टेबलावर आली. पोलीस ठाण्यातल्या एक बाई होत्या, पालकांतर्फे एक गृहस्थ, शिक्षकांतर्फे शर्मिष्ठा. दिवसभरात पहिल्यांदाच तिनं चहा चवीनं घेतला. पेटी रिकामी आहे हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

साळवे मॅडमनी किल्ली फिरवली, आत हात घातला आणि एक छोटीशी चिठ्ठी काढली. शर्मिष्ठाचा कप हातातच राहिला.

मॅडमचा चेहरा मात्र उजळला. "शर्मिष्ठा, आभाराची चिठ्ठी! कितीतरी वर्षांनी आली. तुमच्यासाठी आहे." त्यांनी चष्मा लावला आणि कौतुकानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"शर्मिष्ठा मिस, थँक्यू. तुम्ही माझी चिठ्ठी पेटीतून काढून नेलीत ते मी जिन्यावरून पाहिलं. सगळी मुलं उतरली की राजारामकाका काय करतात, ते घरी कोणाला खरं वाटत नाही. बरं झालं तुम्ही वाचलंत. आता आजपासून तुम्ही मला व्हॅनमध्ये बसू देणार नाही."