चाळीस फुटांचा फरक

सोलापुरातल्या एका बंद गिरणीच्या मैदानात शिवलीला आणि फिरदोसची बिनचालकाची गाडी भर दुपारी येऊन थांबली. चार खांबांवरच्या वायरलेस सिग्नलवरून गाडीने स्वतःची जागा ओळखायची होती. दोघींची वर्षभराची मेहनत आज पणाला लागली होती.

लॅपटॉपवर गाडीचा ठिपका मात्र चाळीस फूट पलीकडे, मोकळ्या जागेत दिसत होता.

“लई चुकली की गं!” म्हणत फिरदोस तिकडे धावली आणि एकदम थबकली. रिकाम्या हवेत तिने तळहात टेकवला.

“शिवलीला, चुकली नाही गं! गाडी हितंच आहे!” ती आनंदाने ओरडली. “बॉनेट अजून गरम लागतंय!”

शिवलीलाने समोरच्या पांढऱ्या गाडीवर हात ठेवला. तो कोपरापर्यंत आत गेला.