पाणी बंद

आईने झारी पालथी घालून गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, “आता यांचं पाणी बंद.”

रंगाचे रिकामे डबे, चिरलेली बादली, झाकण हरवलेला कुकर. सगळ्यांत लसूण उभा होता. पातीची टोकं पिवळी पडू लागली होती.

“वाळताहेत की गं,” धाकटी म्हणाली.

“वाळू देत. वरून वाळली की खाली गड्डा तयार होतो. या वेळी पाणी घातलं तर कुजून जाईल सगळं.”

“डॉक्टरांनी तुझं मीठ बंद केलं, तू यांचं पाणी बंद केलंस.”

“कुणावर तरी माझी सत्ता चालायला नको का?” आई हसली आणि चहा मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

दादा विमानाने आला. रडला. डोळे पुसत गॅलरीत गेला आणि तिथूनच त्याने हाक मारली, “अगं, यांना पाणीसुद्धा घातलं नाहीस?”

“आईनेच बंद केलं होतं. लसूण काढायला आलाय.”

“इतका जीव होता तिचा यांच्यावर. ती काय असं वाळवून मारायला सांगेल?”

“दादा, खरंच सांगितलं होतं.”

“राहू दे. मी बघतो.”

त्याने बादली भरून आणली आणि एकेका डब्यात माती चिंब होईपर्यंत ओतली. मग ते रोजचंच झालं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो गॅलरीत नेई. “हिला जमलं नाही. म्हटलं, आपण आहोत तोवर तरी करू.” धाकटी स्वयंपाकघरात कपबशा विसळत असे, तिथे हे सगळं नीट ऐकू येई. हिला जमलं नाही. आईच्या दुखण्यात तिला अंघोळ घालणं जमलं होतं, अंथरूण बदलणं जमलं होतं, ते बघायला मात्र कुणी गॅलरीत उभं नव्हतं.

“मुलाची माया ती मुलाची,” मावशी म्हणाली. धाकटीने नळ मोठा सोडला.

निघायच्या दिवशी दादा कापडी पिशवी घेऊन आला. “थोडा लसूण नेतो. आईच्या हातचा शेवटचा.”

त्याने एक पात धरून ओढली. पात हातात आली, गड्डा खालीच राहिला. दुसरीचंही तेच झालं. धाकटी पुढे झाली, तिने डबा दोन्ही हातांनी उचलला आणि सरळ फरशीवर उपडा केला. काळा चिखल पसरला. त्यात पाकळ्या होत्या, तपकिरी, बोट लावलं की पिचकणाऱ्या. घाण वास सुटला. मावशीने पदर नाकाला लावला.

“आधीच गेलेला असणार,” दादा म्हणाला. “मी यायलाच उशीर केला.”

“उशीर नाही केलास.” धाकटीचा आवाज चढला नव्हता. “या वर्षी लवकर आलास. एरवी लसूण काढून, वाळवून, जुड्या बांधून झाल्या की पिशवी घेऊन यायचास.”

“हे काय बोलणं झालं? आई प्रेमाने द्यायची.”

“द्यायची ना. मोठे मोठे गड्डे निवडून तुला द्यायची.”

“अगं, आता कशाला उकरून काढतेस?” मावशी म्हणाली. “ती गेली बिचारी.”

धाकटी खाली बसली. तिने चिखलात हात घातला आणि एक गड्डा बाहेर काढला. तो तिच्या मुठीतच फुटला. दादाकडे नाही, मावशीकडेही नाही, त्या मुठीकडे बघत ती मोठ्याने म्हणाली,

“बारके सोलताना नखं दुखायची माझी. दर वेळी तुझा राग यायचा, आई.”