लिफ्टमधली तालीम

आमच्या विरारच्या सोसायटीत मजल्यामजल्यावरून सायकली चोरीला जायला लागल्या, तेव्हा लिफ्टमध्ये कॅमेरा बसवायचा विषय सभेपुढे आला. मी पेटून उठलो. आठवडाभर लिफ्टमध्ये एकटा असलो की तिथल्या आरशासमोर तालीम केली आणि रविवारी सभेत गरजलो, "आज लिफ्टमध्ये कॅमेरा, उद्या स्वयंपाकघरात! माणसाला खासगी काही उरणार आहे की नाही?"

पुढच्या रांगेतल्या दोघांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मला वाटलं, मुद्दा थेट काळजाला भिडला.

टाळ्या घेऊन खाली बसलो, तशा सेक्रेटरी संपदाताई हळूच म्हणाल्या, "छानच झालं हो. फक्त लिफ्टमध्ये 'स्वयंपाकघरात' म्हणताना तुम्ही पोळ्या लाटून दाखवायचात ना, ते आज राहिलं."