दबावाचा रकाना

किरणोत्सारी आयोडीनचा प्रयोग नवा होता. रुग्णाला सगळं समजावून मगच सही घेतात की नाही, हे बघायला सरकारने पाठवलेला तपासनीस फॉर्म घेऊन कोपऱ्यात बसला होता. समोर मानेला गाठ आलेल्या आजी, आणि डॉक्टरांच्या चिमट्यात औषधाचा पेला.

“पाण्यासारखं तर दिसतंय. मग चिमट्यात का धरलंय?”

डॉक्टरांनी समजावलं.

“आणि घरी नातवंडं गळ्यात पडतात, त्यांचं काय?”

“चार दिवस लांब ठेवायचं त्यांना.”

“ते तुम्हीच सांगा त्यांना.”

पाऊण तास हेच चाललं. डॉक्टरांना घाम फुटला. तपासनीस मात्र खूश होता, इतकी खमकी रुग्ण त्याने पाहिली नव्हती. शेवटी आजींनी चष्मा काढला.

“खरं सांगा डॉक्टर, तुमच्या आईला पाजलं असतंत का हे?”

“आई, तुलाच तर पाजतोय,” डॉक्टर काकुळतीला आले. “कर ना गं आता सही.”

“इथे मी फक्त पेशंट, असं सकाळी तूच बजावलंस ना?”

तपासनीसाने फॉर्मचा शेवटचा रकाना वाचला, ‘कुणाचा दबाव आहे का?’ आणि हसू दाबत लिहिलं, ‘आहे. डॉक्टरांवर.’