सत्काराचा बर्फ

फौजेत गेलेली औशाची पंचशीला बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्की शर्यतीत देशात पहिली आली. दुष्काळ असला तरी गावाने तिचा सत्कार दणक्यात ठेवला. हार झाले, भाषणं झाली. मग सत्कार समितीचे अध्यक्ष साहेबराव यांनी मैदानाकडे बोट दाखवलं. तिथे बर्फाच्या लाद्या फोडून लांबलचक पट्टा अंथरला होता.

“पोरी, बांध ती स्की पायाला. लोकांना जरा पळून दाखव. फोटोवाले थांबून राहिलेत.”

स्की बांधता बांधता पंचशीलाने गर्दीवर नजर फिरवली. “माझी आय कुठं हाय?”

“वस्तीवर. घागरी मांडून टँकरची वाट बघायलीय,” कुणीतरी म्हणालं.

साहेबराव हसले. “आज कुठला टँकर? तुमच्या वस्तीचं पाणी बर्फाच्या कारखान्याला दिलं, तवा हे जमलं. तुझ्यासाठीच केलं की समदं!”

पंचशीलाने स्की काढून फेकली आणि माइक हिसकावला. भोंगे पार वस्तीपर्यंत लावलेले होते.

“आये, घागर ठेव, घमेलं घे!” ती ओरडली. “समद्या बायांना घेऊन ये. आपला टँकर ह्यांनी हितं मैदानात ओतलाय.”