कोरडं ताट

ताट फडताळात तसंच होतं. शेवया, खारकांचे तुकडे, चारोळी, बदाम, वाटीभर साखर आणि वर विणलेला रुमाल. हलीमाबींनी ते पहाटेच भरून ठेवलं होतं. नवी सून तरन्नुम मात्र नुकतीच शेजारून परतली होती. हात रिकामे, चेहरा खुललेला.

“आक्कांना शीरखुर्मा देऊन आले, अम्मी. मोठा वाडगा भरून. तुम्हीच म्हणाला होता ना, पहिला मान त्यांचा.”

हलीमाबी खुर्चीत बसल्याच.

शेजारच्या राजमतीआक्का जैन. पाणी गाळून पिणाऱ्या, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. ज्या घरात मांस शिजतं, तिथलं शिजवलेलं त्यांना चालत नसे. म्हणून निपाणीच्या या गल्लीत चाळीस वर्षं एक रीत चालत आली होती. ईदला हलीमाबी कोरडं ताट न्यायच्या. आक्का आपल्या घरच्या दुधात, आपल्या पातेल्यात शीरखुर्मा करायच्या. रिकामं ताट कधी परत यायचं नाही, त्यात चार केळी असायचीच. रमजानात संध्याकाळी एकीचं तोंड बंद झालं की दुसरीचं उघडायचं, आणि त्यावरून दोघी परसातल्या भिंतीवरून एकमेकींची थट्टा करायच्या. पण ताट द्यायचं ते दारात. हलीमाबींनी आक्कांच्या स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. कुणी अडवलं नव्हतं. त्या आपण होऊनच थांबत.

सासूकडून हे सगळं ऐकताना तरन्नुमचा चेहरा उतरत गेला. सासरची तिची ही पहिली ईद. पहाटे उठून तिने स्वतःच्या हाताने दूध आटवलं होतं. डोळे पुसून ती म्हणाली की माफी मागून वाडगा मीच परत आणते. आणि गेली.

तेवढ्यात ईदगाहवरून माणसं परतली. गळाभेटी झाल्या, अत्तराचा वास घरभर पसरला, पोरांनी वाट्या पुढे केल्या. हलीमाबी वाढत होत्या, पण कान मागच्या दाराकडे होते. अर्धा तास झाला. सून परतली नव्हती. आक्का रागावल्या असतील का? की पोरीचं मन मोडू नये म्हणून त्यांनी शीरखुर्मा खाल्ला असेल आणि जन्मभराचा नेम मोडला असेल? या दुसऱ्या विचाराने त्यांना जास्त भीती वाटली. त्यांनी कोरडं ताट उचललं आणि परसातून शेजारी गेल्या.

आक्कांच्या मागच्या दाराबाहेर, धुण्याच्या दगडावर तो वाडगा होता. झाकलेला, भरलेला. नेम मोडला नव्हता म्हणून हलीमाबींना हायसं वाटलं, पण म्हणजे आक्का रागावल्याच असणार.

मग आतून हसू ऐकू आलं.

तरन्नुम आक्कांच्या गॅसपाशी उभी होती. पदर खोचलेला, हातात आक्कांचा डाव. पातेल्यात दूध उकळत होतं. आक्का शेजारी स्टुलावर बसून फडक्यातून पाणी गाळत होत्या.

“ये, हलीमा. पोरीला म्हटलं, वाडगा घरी ने बाई, मला चालत न्हाय. पण एवढा दाट कसा केलास त्ये शिकवून जा. माझा दर साली पातळच व्हतोय.”

“आक्का, पोर नवी हाय. चुकली,” हलीमाबी दारातूनच म्हणाल्या आणि नेहमीसारखं ताट पुढे धरलं.

आक्कांनी ताट घेतलं नाही. “शेवया आता लागतीलच. आत आणून दे.”

हलीमाबींचं पाऊल उंबऱ्याशी अडखळलं. काल आलेली सून आत उभी होती आणि त्या अजून बाहेर. बोलायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं, “चाळीस वर्षांत मला कधी आत बोलावलं न्हाईसा, आक्का.”

आक्कांनी फडकं पिळलं, तांब्यावर झाकण ठेवलं आणि मान वर केली.

“बोलवायच्या आत तू ताट देऊन वळायचीस. एकदा तरी चुकायचंस की गं.”